रस्ता कुणाचा, सही कुणाची?

(तरुण कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात महानगरपालिकेच्या एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, काल दिवसभर मी मागे बसून तुमची चर्चा ऐकली. शिक्षण, रोजगार, कौटुंबिक कायदा, संविधान अशा मोठ्या विषयांवर तुम्ही फार चांगलं बोललात. आज सकाळी संयोजकांनी मला विचारलं, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हणालो, "खड्ड्यावर." त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. मी चौतीस वर्षं एका महानगरपालिकेच्या रस्ते विभागात काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि २०१८ साली उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. रस्त्याशिवाय मला दुसरं काही फारसं कळत नाही. पण एवढं नक्की सांगू शकतो की संविधानाशी तुमची रोजची गाठ कोर्टात पडत नाही, ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडते. दवाखान्यात निघालेली गरोदर बाई, रात्रपाळी करून सायकलवर परतणारा मागवाला, शाळेत जाणारी तुमची धाकटी बहीण आणि फळांची गाडी ढकलणारा तुमचा चाचा, हे सगळे त्याच रस्त्यावरून जातात. तिथे सरकार तुम्हाला काय समजतं ते दिसतं, आणि आपण एकमेकांना काय समजतो तेही दिसतं.

सुरुवात माझ्यापासूनच करतो.

मार्च महिन्यातली सही

१९९८ सालची गोष्ट. मी राहायचो त्याच मोहल्ल्यातल्या एका गल्लीच्या डांबरीकरणाचं काम मंजूर झालं. लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास. निविदेत डांबराचा थर ३० मिलिमीटर जाडीचा धरलेला होता. काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झालं आणि तेही रात्री. बिल ३१ मार्चच्या आत निघालं नाही तर निधी परत जातो, हे पालिकेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या रात्री मी साइटवर गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजमाप पुस्तिका माझ्या टेबलावर आली. आम्ही तिला एम.बी. म्हणतो. काम किती झालं, किती लांब, किती रुंद, किती जाड, हे तिच्यात लिहायचं असतं. त्या वहीवर अभियंत्याची सही झाली की बिल निघतं. सही नसेल तर मंत्र्यालाही बिल काढता येत नाही.

वरिष्ठ म्हणाले, "मार्च एंड आहे, उगाच अडवू नका." मी खुर्चीतून न उठता सही केली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गल्लीचं डांबर पापडासारखं उचललं गेलं. तेव्हा मी पट्टी घेऊन गेलो. जाडी कुठेही १५ मिलिमीटरच्या वर नव्हती. त्याच आठवड्यात पहाटे दूध घालायला निघालेला चौदा वर्षांचा एक मुलगा सायकलसकट तिथल्या खड्ड्यात पडला. खड्डा पाण्याने भरलेला होता, त्याला दिसला नाही. मांडीचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. आज तो चाळिशी ओलांडून गेलाय. अजून पाय ओढत चालतो.

त्याची आजी मला रस्त्यात भेटली. तिला माझी सही माहीत नव्हती. ती म्हणाली, "साहेब, पोरगा वाचला, अल्लाचे उपकार." मी मान हलवली आणि निघालो.

तो ठेकेदार कोण होता, ऐका. आपल्याच समाजातला होता, आपल्याच मोहल्ल्यातला. सही करणारा मी. पडलेला पोरगाही आपलाच. ही गोष्ट मी तुम्हाला का सांगतोय ते पुढे येईल.

खड्डा पडतो कसा?

लोक म्हणतात, पावसाने रस्ते खराब होतात. अर्धं खरं आहे. पाऊस चेरापुंजीलाही पडतो आणि कोकणातही पडतो. रस्ता खराब होतो तो साचलेल्या पाण्याने.

डांबरी रस्ता म्हणजे खडी आणि डांबर यांची पकड. खालचा थर घट्ट दाबलेल्या खडी-मुरुमाचा, वरचा डांबरमिश्रित खडीचा. वरच्या थराला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी वरून ट्रक किंवा बस गेली की दाबलं जातं आणि खडीला चिकटलेलं डांबर सोडवतं. एक खडा निघाला की शेजारचा सुटतो. चार दिवसांत ताटलीएवढा खड्डा होतो आणि पंधरा दिवसांत परातीएवढा.

हे टाळायला फार मोठं शास्त्र लागत नाही. रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. हा उतार डांबरी रस्त्याला दोन ते अडीच टक्के ठेवतात, म्हणजे मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर. उतरलेलं पाणी जायला कडेला मोकळं गटार हवं. आणि डांबराचा माल गरम असतानाच पसरून दाबायला हवा. माल साधारण १४० अंशांवर पसरतात आणि तो ९० अंशांखाली जाण्याआधी रोलर फिरवून संपवावा लागतो. माल घेऊन आलेला ट्रक वाहतुकीत दोन तास अडकला, ताडपत्री नसल्याने माल थंड झाला, तर वरून कितीही रोलर फिरवा, पकड येत नाही. आता पुढच्या वेळी गल्लीत काम चालू असेल तेव्हा तुम्ही ट्रकवर ताडपत्री आहे का आणि मालातून वाफ निघतेय का, एवढं बघितलंत तरी निम्मं काम कळेल.

दुसरं कारण खोदाई. रस्ता झाला की महिन्याभरात कुणीतरी तो खोदायला येतो. पाण्याची लाइन, वीज, गॅस, इंटरनेटची केबल. खोदाईला परवाना लागतो आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च पालिका आधीच भरून घेते. पैसे जमा होतात, पण चर भरताना माती टाकून वर दोन घमेली खडी पसरली जाते. चर थर देऊन, प्रत्येक थर दाबून भरायचा असतो. तसा भरला नाही तर पहिल्या पावसात माती बसते आणि रस्त्याला लांबलचक नाली पडते. दुचाकीचं चाक अशाच नालीत अडकतं.

तिसरं कारण मी मघाशीच सांगितलं: तीस मिलिमीटर लिहून पंधरा मिलिमीटर टाकणं. त्याला अभियांत्रिकीत नाव नाही. साध्या मराठीत त्याला चोरी म्हणतात.

ही मेहरबानी नाही

आता कायद्याचं बघू. नगरसेवक रस्ता करून देतो आणि चौकात फलक लावतो, "यांच्या प्रयत्नांतून". आपण हार घालतो. पण सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची देखभाल करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबईसाठी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ६१ आहे, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३. पालिकेची कर्तव्यं दोन प्रकारची असतात. काही तिच्या मर्जीवर, काही बंधनकारक. रस्ता दुसऱ्या प्रकारात येतो.

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबाबतच्या जनहित याचिकेत स्पष्ट केलं की चांगल्या स्थितीतले रस्ते मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर आकडा आला की २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं मेली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याचं काम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये, आणि जखमींना इजेच्या प्रमाणात पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमायला सांगितली. हा पैसा नंतर जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करायचा आहे. खड्डा निदर्शनाला आणून दिल्यावर ४८ तासांत त्याची दखल घ्यायची, हेही सांगितलं.

हा आदेश वाचला त्या दिवशी मला तो दुधवाला मुलगा आठवला. त्याला १९९८ मध्ये काहीच मिळालं नव्हतं. तुमच्या मोहल्ल्यात उद्या कुणी पडलं, तर "नशीब" म्हणून घरी बसू नका. खड्ड्याचा फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. तिथे जायला वकिलाची फी लागत नाही.

"आपल्याच मोहल्ल्यात असं का?"

काल चर्चेत एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या भागात मुद्दाम रस्ते करत नाहीत." टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, पण मी त्याचं म्हणणं नाकारतही नाही. चौतीस वर्षं आत बसून मी पाहिलंय. "तिकडे करून काय उपयोग, तिथले लोक तसेच" हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय. दलित वस्तीबद्दल ऐकलंय, भटक्यांच्या वस्तीबद्दल ऐकलंय, आपल्या मोहल्ल्याबद्दलही ऐकलंय.

पण नुसत्या तक्रारीने काही सिद्ध होत नाही. ते कागदावर आणा. आपल्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत रस्त्यांवर किती रुपये मंजूर झाले, किती खर्च झाले, आणि शेजारच्या प्रभागात किती, हे मागवा. दोनपैकी एक गोष्ट समोर येईल. एक तर आपल्या भागाला खरंच कमी पैसे मिळालेत. मग तो भेदभाव आकड्यांनिशी मांडता येतो, आणि आकड्यांपुढे कुणी "तुम्ही जातीयवादी बोलता" असं म्हणू शकत नाही. किंवा पैसे मिळालेत, कागदावर रस्ता झालाय, फक्त जमिनीवर नाहीये. मग शोध घ्यायचा तो बिल कुणी घेतलं आणि सही कुणी केली याचा. तो शोध आपल्याच दारात येऊन थांबू शकतो. माझ्या दारात थांबला असता. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता, म्हणून मी वाचलो.

अन्याय बाहेरचा असेल तर आपण फार जोरात बोलतो. घरातला असेल तर "आपल्या माणसाची बदनामी नको" म्हणतो. मोहल्ल्याचे रस्ते या मौनामुळेही खराब आहेत.

दहा रुपयांत काय काय होतं

माहितीचा अधिकार २००५ सालचा. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा. म्हणून शिव्या, भावना, शेर असलं काही घालू नका. नेमकं मागा. अमुक गल्लीच्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत. कार्यादेशाची प्रत. मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत. साहित्य तपासणीचा अहवाल. दोषदायित्व कालावधी किती आणि तो कधी संपतो.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. काम झाल्यावर ठरावीक काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्याची अनामत रक्कम त्यासाठीच पालिकेकडे अडकलेली असते. पण मुदतीत कुणी लेखी तक्रारच केली नाही तर अनामत परत जाते आणि त्याच खड्ड्यासाठी नवी निविदा निघते. एकाच खड्ड्याचे पैसे आपण दोनदा भरतो.

उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा. आणि कायद्यातली एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे. माहितीचा अधिकार म्हणजे फक्त झेरॉक्स मिळवणं नाही. त्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. रस्त्याचा तुकडा तुम्ही अधिकृतपणे मागू शकता. शिवाय महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्था यांच्यात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी दुपारी तुमच्यापैकी तिघं-चौघं वही घेऊन रस्ते विभागात जाऊन बसा. भांडू नका, घोषणा देऊ नका. नुसती एम.बी. उघडून शांतपणे आकडे उतरवून घ्या. आत बसलेल्या अभियंत्याला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. मोर्चा संध्याकाळी घरी जातो, वहीत उतरवलेला आकडा जात नाही.

अर्ज करण्याआधी रस्ता कुणाचा ते मात्र विचारून घ्या. शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही रस्ते विकास महामंडळाचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे असतात. चुकीच्या दारावर केलेली तक्रार सहा महिने टेबलावरून टेबलावर फिरते.

आणि आपण?

आता थोडं कडू बोलतो, कारण तुम्ही माझ्या मुलांच्या वयाचे आहात.

लग्नाचा मंडप घालायला रस्त्यात पहार मारून भोकं कोण पाडतं? मिरवणुकीची कमान असो, गणपतीचा मांडव असो की उर्साचा शामियाना, भोकं नंतर कुणी बुजवत नाही. आणि मी सांगितलं, एक भोक म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. दाराची पायरी वाढवत गटारावर आणून ठेवली की गटार साफ करायला जागा राहत नाही. घर पाडल्यावर राडारोडा रस्त्याच्या कडेला टाकला की पाण्याची वाट बंद होते. बकरी ईदला गटारात काही टाकू नका, हे दर वर्षी सांगावं का लागतं? नळाची लाइन रात्रीत गुपचूप ओढायची आणि चर तसाच सोडायचा, हेही आपणच करतो.

वाटेतला काटा किंवा दगड बाजूला करणं हे पुण्याचं काम, ईमानचाच एक भाग, हे आपल्याला लहानपणी मदरशात शिकवलं होतं. रस्त्यात भोक पाडून ठेवणं म्हणजे काय, हे मग वेगळं सांगायला नको.

मुंबईत दादाराव बिल्होरे नावाचे एक भाजीविक्रेते आहेत. २०१५ साली त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. तेव्हापासून ते राडारोडा आणि खडी गोळा करून स्वतःच्या हातांनी खड्डे बुजवतात. त्यांनी खड्डा बुजवताना तिथून जाणारा कोण, हे कधी विचारलं नाही. त्यांच्यापुढे मी मान झुकवतो. पण तुम्हाला मी फावडं हातात घ्या असं सांगणार नाही. एका बापाने ते करावं लागणं ही आपल्या सगळ्यांची लाज आहे. तुम्ही वही हातात घ्या.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. लोकांच्या पैशाच्या हिशोबात एकटं उभं राहायची ही जुनी रीत आपल्याच मातीतली आहे.

जाताना एक काम देतो. प्रत्येकाने आपापल्या एका गल्लीपासून सुरुवात करा. गटात मुली असू द्या, कारण कुठल्या वळणावर दिवा नाही आणि कुठे पाणी साचल्यामुळे भिंतीला चिकटून चालावं लागतं हे त्यांना जास्त माहीत असतं. शेजारच्या बौद्ध, हिंदू वस्तीतल्या दोघांना सोबत घ्या. खड्ड्याला धर्म नसतो, आणि अर्जावर चार आडनावं वेगवेगळी दिसली की अधिकारीही नीट वाचतो. खड्डे मोजा, फोटो काढा, तारीख लिहा, तक्रारीचा क्रमांक घ्या. पुढच्या सोमवारी तीन वाजता एम.बी. बघायला जा. आणि तिच्यावर ओळखीची सही सापडली तर थांबू नका.

निवृत्त झालो त्या वर्षी मी त्या माणसाला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. थर किती होता, सही कुणाची होती. तो काही बोलला नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि पाय ओढत जिना उतरला. आजही रस्त्यात भेटला की सलाम करतो. पण थांबत नाही.

तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही ठेकेदार, काही नगरसेवक. एखाद्या मार्च महिन्यात तुमच्याही टेबलावर वही येईल. तेव्हा खुर्चीतून उठा, पट्टी घ्या आणि रस्त्यावर जाऊन मोजा. मग सही करा.

खुदा हाफिज.